फुटिंग आणि कॉलमच्या कामावर शंका आहे, भराव टाकायच्या आत काय तपासून घेऊ? (परभणी, काळी माती)

गोदाकाठचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. परभणीत आमच्या प्लॉटवर घराचं काम चालूय, जी प्लस वन, एकूण १२ कॉलम. मी नोकरीला पुण्यात, साइटवर बाबा असतात. ते रिटायर्ड शिक्षक, रोज दोन्ही वेळेस जातात आणि किती पोती सिमेंट लागलं, किती ब्रास खडी आली सगळं वहीत लिहून ठेवतात. काम विथ मटेरियल दिलंय स्क्वेअर फुटाच्या रेटने, कॉन्ट्रॅक्टर आमच्या गावाकडचाच आहे, बाबांना गुरुजी म्हणतो, म्हणून बाबांना त्याला काही बोलायचं जीवावर येतं.

फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) होऊन दीड महिना झाला, कॉलम जोत्यापर्यंत भरलेत, काही खड्डे अजून उघडे आहेत. मागच्या शनिवारी मी स्वतः जाऊन बघितलं आणि तेव्हापासून झोप नीट नाही. चार कॉलमच्या बुडाशी हनीकोंब आहे, नुसती खडी दिसते, एकात तर सळईच उघडी पडलीये, बोट आत जातंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो किरकोळ आहे, सिमेंटची स्लरी मारून वरून प्लास्टर करून देतो. दुसरं म्हणजे ड्रॉइंगमध्ये लिहिलंय ६ फूट किंवा कडक मुरूम लागेपर्यंत, यातलं जे खोल असेल ते, पण मागच्या बाजूचे तीन खड्डे साडेचार फुटांवरच थांबवलेत, बाबांनी टेप धरून फोटो काढलेत, खाली पिवळट चिकण माती दिसते आणि हा म्हणतो हाच मुरूम. तिसरं, एका कॉलमची लाइन चुकली होती तर सळया हातोड्याने ठोकून वाकवून लाइनीत आणल्या. फुटिंगची जाळी टाकताना कव्हर ब्लॉक (सळई जमिनीपासून वर उचलून धरणारे ठोकळे) नव्हते, खाली दगडाच्या कपच्या लावल्या होत्या, तेही काही ठिकाणीच.

आता तो मागे लागलाय की पाऊस पडायच्या आत भराव करून घेऊ आणि जोत्याचा हप्ता द्या. भरावासाठी खड्ड्यातून निघालेली काळी मातीच वापरणार म्हणतो. आरसीसीचं ड्रॉइंग ज्यांनी दिलं ते इंजिनिअर फुटिंगच्या वेळी आलेच नाहीत, त्यांच्याशी व्हिजिटचं काही ठरलेलं नव्हतं. काय करावं? थांबवलं तर पावसात खड्डे भरणार, आणि नाही थांबवलं तर आयुष्यभर त्या घरात आईबाबा राहणार आहेत.

खडी_वाळू_सिमेंट

भराव आजच थांबवा. एकदा भराव टाकून रोलर फिरला की यातलं काहीही दिसणार नाही आणि मग कोणी काही म्हणो, खात्री कशाचीच राहणार नाही. मी संभाजीनगरला साइट इंजिनिअर आहे, जालना परभणी बीड या पट्ट्यात बरीच कामं केलीत, त्यामुळे काळ्या मातीचा अनुभव आहे. पावसाची काळजी करू नका, खड्ड्यात पाणी साचलं तर पंप लावून काढता येतं, घट्ट झालेल्या काँक्रीटला पाण्याने काही होत नाही. उघड्या सळईला तेवढं जपा.

तुम्ही जे लिहिलंय त्यात सगळ्यात गंभीर मला ते तीन उथळ खड्डे वाटतात, हनीकोंब नाही. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात हात भेगा पडतात, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. ही हालचाल वरच्या थरात जास्त आणि खाली जाऊ तशी कमी होत जाते, साधारण साडेतीन मीटरपर्यंत तिचा परिणाम धरतात, म्हणूनच खोल काळ्या मातीत अंडररीम पाइल (खालचं टोक फुगीर असलेले काँक्रीटचे खोल खांब) साडेतीन मीटरपर्यंत नेतात. तुमच्याकडे मुरूम ६ फुटांच्या आसपास मिळतोय म्हणून साधी फुटिंग दिलीये, ते बरोबरच आहे, पण ती मुरमावरच बसली पाहिजे. नऊ फुटिंग मुरमावर आणि तीन चिकण मातीवर अशी असतील तर नऊ जागच्या जागी राहतील आणि तीन दर वर्षी वरखाली होतील. भिंतीला तिरक्या भेगा पडतात त्या अशानेच. सगळं घर सारखं खचलं तर एवढा त्रास होत नाही, एक बाजू खचली की होतो.

मुरूम आहे का माती, हे घरी बसल्या तपासता येतं. तिथलं ढेकूळ घेऊन रात्रभर पाण्यात ठेवा. चिकण माती असेल तर सुटेल, हाताला बुळबुळीत लागेल. मुरूम असेल तर खड्याखड्याचा राहील. पहारीने ठोकून बघा, कडक मुरमात पहार वाजते, चिकण मातीत रुतते. ही काही लॅब टेस्ट नाही पण पहिला अंदाज येतो.

बाबांच्या वहीत फुटिंगला किती सिमेंट लागलं ते लिहिलंय का? आणि फुटिंगची साइज काय?

गोदाकाठचा_पोऱ्या

लगेच उत्तर दिलंत, खूप आभार. फुटिंग ५ बाय ५ फूट, जाडी दीड फूट, सपाट पॅड. वहीत १२ फुटिंगला मिळून ७२ पोती आहेत, पीसीसीची (फुटिंगखालच्या साध्या काँक्रीटची) वेगळी लिहिलीयेत. ड्रॉइंगवर काँक्रीटची ग्रेड एम २० आहे, म्हणजे ताकद २० मेगापास्कल. ताकद तपासायचे क्यूब भरलेच नव्हते.

खडी_वाळू_सिमेंट

मग हिशोब करू. ५ गुणिले ५ गुणिले दीड म्हणजे साडेसदतीस घनफूट, म्हणजे जवळपास १.०६ घनमीटर. एम २० साठी १:१॥:३ (सिमेंट, वाळू, खडी) धरलं तर एका घनमीटरला साधारण ८ पोती लागतात. तुमच्याकडे फुटिंगमागे ६ पडलीत. म्हणजे तो १:२:४ च्याही खाली गेलाय, एम १५ च्या आसपास. घनमीटरला २८० किलोच्या जवळ सिमेंट आलं, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात आरसीसीला कमीत कमी ३०० किलो सांगितलंय. बाबांची वही जपून ठेवा, झेरॉक्स काढा, प्रत्येक पानाचा फोटो घ्या. त्या वहीला फार किंमत आहे.

पण नुसत्या पोत्यांच्या हिशोबावर फुटिंग फोडा म्हणणार नाही. फुटिंगची कोअर (मशीनने कापून काढलेला गोल नमुना) काढून टेस्ट करून घ्या. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये फी भरून होतं, खाजगी लॅबही आहेत. कमीत कमी तीन कोअर घ्या. नियम असा आहे की कोअरची सरासरी ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के आली पाहिजे आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. म्हणजे एम २० ला सरासरी १७ आणि एकेक किमान १५. कॉलममधून मात्र कोअर काढू देऊ नका, ९ इंची कॉलममध्ये सळई कापली जायची भीती असते. कॉलमला अल्ट्रासोनिक टेस्ट करा, आतून पोकळ आहे का ते त्यात कळतं, साडेतीन किलोमीटर प्रति सेकंदाच्या वर वेग आला तर काँक्रीट चांगलं, त्याखाली आला तर शंका. काही जण नुसता रिबाउंड हॅमर मारून रिपोर्ट देतात, तो वरच्या कातडीचाच अंदाज असतो, पंचवीस टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, त्यावर निर्णय घेऊ नका.

आणि काही झालं तरी स्ट्रक्चरल इंजिनिअर साइटवर आला पाहिजे. ज्यांनी ड्रॉइंग दिलं त्यांनाच व्हिजिटची फी देऊन बोलवा, लोड त्यांना माहीत आहे. त्यांच्याकडून लेखी घ्या.

सेंट्रिंगवाला_नाना

मी स्वतः आरसीसीची कामं घेतो, नाशिक साइडला, तर कामावरच्या माणसाची बाजू सांगतो. हनीकोंब बघून लगेच माणूस चोर आहे असं धरू नका दादा. कॉलमच्या बुडाशी तो सगळ्यात जास्त येतो आणि त्याला कारणं आहेत. फर्मा (काँक्रीट ओतायचा साचा) खाली नीट बसला नाही, फटी राहिल्या की सगळी स्लरी वाहून जाते आणि नुसती खडी उरते. बुडाशीच फुटिंगमधून वर काढलेल्या स्टार्टरच्या सळया आणि कॉलमच्या सळया एकमेकींवर येतात, दाटी होते, २० एमएमची खडी त्यात अडकते. वरून उंचावरून घमेली ओतली की खडी आधी खाली जाते आणि माल फाटतो, दीड मीटरच्या वरून सोडायचाच नसतो. आणि व्हायब्रेटर. बऱ्याच ठिकाणी व्हायब्रेटर साइटवर असतो पण सुई कॉलमच्या तळापर्यंत जात नाही, पोरं वरच्या वर फिरवतात आणि बाहेरून हातोडी मारतात. यात माणसाचा निष्काळजीपणा आहेच, पण दुरुस्त होण्यासारखा आहे.

मात्र स्लरी मारून प्लास्टर हे अजिबात मान्य करू नका. ते झाकणं झालं, दुरुस्ती नाही. बरोबर पद्धत म्हणजे छिन्नीने सगळी सुटी खडी काढायची, ठोकल्यावर घट्ट आवाज येईपर्यंत आत जायचं, सळई मागून मोकळी झाली तर मागूनही साफ करायची, ब्रशने आणि पाण्याने धुवायचं, मग फर्मा लावून मायक्रोकाँक्रीट किंवा नॉन श्रिंक (न आकसणारं) ग्राउट ओतायचं. तेही इंजिनिअर समोर असताना. आधी उघडून किती खोल आहे ते बघा, कव्हरपुरतं, म्हणजे सळईच्या बाहेरच्या थरापुरतं असेल तर टेन्शन नाही, रिंगच्या (सळयांभोवतीच्या आडव्या कड्यांच्या) आत गेलं असेल तर इंजिनिअर सांगेल तसं. कधी कधी पूर्ण जॅकेटिंग करावं लागतं, त्यात कॉलमच्या चारही बाजूंनी कमीत कमी १०० एमएम काँक्रीट वाढतं आणि ते फुटिंगपासूनच उचलायला लागतं, मधूनच चालू करून उपयोग नाही. खड्डे उघडे असताना हे सोपं पडतं.

ते सळया ठोकून वाकवलेलं मला जास्त खटकलं. लाइन चुकते, माणूस आहे, पण वाकवायची असेल तर एकास सहाचा उतार हवा, म्हणजे ३ इंच सरकवायचं तर १८ इंच लांबीत हळूहळू. एकाच जागी गुडघा काढला तर लोड आल्यावर सळई तिथून बाहेर फुटायला बघते. त्या जागी जास्तीच्या रिंगा आहेत का बघा, नसतील तर इंजिनिअरला नक्की दाखवा.

कॉन्ट्रॅक्टरशी भांडू नका. चार माणसांत बसवून इंजिनिअरचं पत्र समोर ठेवा. बरेच जण इंजिनिअर आला की ऐकतात.

माहेर_सोलापूर

भरावाच्या मातीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या घराच्या जोत्यात खड्ड्यातलीच काळी माती भरली होती, सासऱ्यांना सांगितलं होतं की वरून मुरमाचा थर देऊ म्हणजे चालतं. दुसऱ्या पावसाळ्यात हॉलच्या मधल्या फरश्या उचलल्या, दारं चौकटीत अडकायला लागली, मागच्या मोरीच्या भिंतीला खालून वर अशी भेग गेली. फाउंडेशनला काही झालेलं नव्हतं, नुसत्या भरावाच्या मातीने एवढं केलं. शेवटी हॉलची आणि स्वयंपाकघराची फरशी काढून दोन फूट माती उपसली आणि मुरूम भरला, घरात राहून. लहान मुलं, धूळ, सगळं सामान एका खोलीत. तुमचं अजून भरलेलं नाही, खर्च वाढला तरी चालेल पण काळी माती एक पाटीसुद्धा आत टाकू देऊ नका. मुरूम पण सहा सहा इंचाचे थर देऊन पाणी मारून चोपून घ्या, एकदम ढीग ओतून वरून रोलर नको.

खडी_वाळू_सिमेंट

ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. त्यात एक जोडतो, प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या पातळीवरच्या आडव्या तुळईच्या) खाली काळी माती उघडी असेल तर बीम तिच्यावर टेकवून भरू नका, साधारण ८० एमएम मोकळी जागा ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी बीमला खालून धक्का बसत नाही. आणि घर झाल्यावर जोत्याच्या बाहेरून चारही बाजूंना फरशीचा पट्टा बाहेर उतार देऊन करा, पन्हाळीचं आणि बाथरूमचं पाणी पायाजवळ मुरू देऊ नका.

कोर्टाची_पायरी

कायद्याचं थोडं सांगतो, जिल्हा ग्राहक आयोगात काम बघतो. लोक लगेच महारेरा महारेरा म्हणतात. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःच्या राहण्यासाठी कॉन्ट्रॅक्टर लावून बांधलेल्या घराला रेरा लागू होत नाही, त्यातली पाच वर्षांची स्ट्रक्चरल डिफेक्टची जबाबदारी बिल्डरने विकलेल्या घरासाठी आहे. तुमच्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. घरबांधणी ही त्यात सेवा म्हणून धरलेली आहे, त्यामुळे निकृष्ट काम ही सेवेतली त्रुटी होते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये. आज काय करायचं तर जे जे तोंडी बोलणं झालं ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, शांत भाषेत, म्हणजे अमुक तारखेला आपण सांगितलंत की तीन खड्डे साडेचार फुटांवर थांबवले कारण मुरूम लागला, आम्ही इंजिनिअरकडून तपासणी करून घेत आहोत, तोपर्यंत भराव करू नये. त्याचं उत्तर येईल तेही पुरावाच आहे. हप्ता सरळ नाही म्हणू नका, लिहून द्या की तपासणी आणि दुरुस्ती झाल्यावर देऊ. ॲग्रीमेंटमध्ये हप्ते कशावर ठरलेत ते वाचा. ॲग्रीमेंट स्टॅम्प पेपरवर नसेल तरी कोटेशन, बँकेतून दिलेले पैसे, मेसेज हे सगळं चालतं. रोख दिले असतील तर त्याची सही घेऊन ठेवा. इंजिनिअरचा रिपोर्ट सही शिक्क्याचा हवा, आयोगात सगळ्यात जास्त वजन त्यालाच असतं, आपण म्हणतो म्हणून काम निकृष्ट ठरत नाही. आणि दुसरा माणूस लावून दुरुस्ती करणार असाल तर त्याआधी याला लेखी नोटीस द्या आणि सगळ्या बाजूंनी फोटो व्हिडिओ काढा, एकदा तोडलं की मूळ काय होतं ते दाखवता येत नाही.

गोदाकाठचा_पोऱ्या

अपडेट द्यायला उशीर झाला. सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे भराव थांबवला, मेसेज केला, आधी तो चिडला, बाबांना फोन करून म्हणाला गुरुजी तुमचा माझ्यावर भरोसा नाही का. बाबा दोन दिवस गप्प होते. मग त्यांनीच त्याला सांगितलं की भरोसा आहे म्हणूनच तुझ्यासमोर तपासायचंय.

ड्रॉइंगवाले इंजिनिअर आले. तिन्ही उथळ फुटिंगच्या कडेने खणून बघितलं, खाली आणखी दोन फूट चिकण माती आणि मग मुरूम, पहार वाजायला लागली ती तिथे. नऊ फुटिंग मुरमावरच आहेत. कोअर १७.४, १६.१ आणि १५.२ अशा आल्या, म्हणजे सरासरी सव्वासोळाच्या जवळ, नियमाला थोडी कमी. त्यांनी आलेल्या ताकदीवर पुन्हा हिशोब करून लेखी दिलं की त्या नऊ फुटिंग जी प्लस वनला चालतील पण वर दुसरा मजला कधीच चढवायचा नाही. हनीकोंब उघडल्यावर तीन कॉलममध्ये कव्हरपुरताच निघाला, चौथ्यात, ज्यात सळई दिसत होती त्यात, रिंगच्या आत चार इंच गेलेला. त्या कॉलमला फुटिंगपासून जोत्यापर्यंत जॅकेटिंग सांगितलंय. सळया वाकवलेला कॉलम त्या उथळ तिघांपैकीच एक आहे.

त्या तीन फुटिंगबद्दल दोन पर्याय दिलेत, एक तर खालून टप्प्याटप्प्याने खणून मुरमापर्यंत काँक्रीट भरून आधार द्यायचा, नाहीतर कॉलमसकट तोडून नव्याने टाकायच्या. कॉन्ट्रॅक्टर पहिल्याला तयार आहे, तोडायचं म्हटलं की मागे सरतो, लेबर आणि मटेरियल दोन्ही अंगावर येतंय म्हणतो. तुमचं मत काय?

खडी_वाळू_सिमेंट

तोडा. वर अजून स्लॅब नाही, भिंत नाही, नुसते जोत्यापर्यंतचे खुंट उभे आहेत, आत्ता तोडायला जेवढं सोपं आहे तेवढं पुन्हा कधी नसेल. खालून आधार देणं हे उभ्या घराचं काम आहे, जिथे दुसरा इलाज नसतो तिथे करतात, ते नीट करायला हाताखालची माणसं सवयीची लागतात, आणि ज्याने पहिल्यांदा साडेचार फुटांवर थांबवलं त्याच्या हातून फुटिंगच्या पोटाखाली खणून घ्यायची मला भीती वाटते. खाली पोकळी राहिली तर कळणार पण नाही. शिवाय वाकवलेल्या सळयांचा प्रश्नही तोडण्यात आपोआप सुटतो, स्टार्टर नव्याने लाइनीत उभे करता येतील.

जुनी सळई तोडून काढलेली पुन्हा वापरू देऊ नका, वाकून सरळ केलेल्या सळईचा भरवसा नाही.

सेंट्रिंगवाला_नाना

माझं पण तेच मत. त्याच्या बाजूने एक सुचवतो, तीन फुटिंगचं मटेरियल म्हणजे साधारण २५ पोती सिमेंट आणि सळई, ही रक्कम त्याला खूप मोठी नाही पण एकदम अंगावर आली की माणूस पळून जायला बघतो. लेबर त्याचं आणि सिमेंट सळईचे पैसे आत्ता तुम्ही भरून शेवटच्या हप्त्यातून कापून घ्यायचे, असं लिहून घ्या. काम अडणार नाही आणि तुमचे पैसेही जाणार नाहीत. तपासणीचा खर्च मात्र त्याच्याकडून निघेल असं धरू नका.

गोदाकाठचा_पोऱ्या

नाना, असंच केलं. काल बाबा, इंजिनिअर आणि तो एकत्र बसले, तीन फुटिंग कॉलमसकट तोडून नव्याने, मटेरियल आम्ही देणार आणि शेवटच्या हप्त्यातून कापणार, सगळं लिहून सह्या झाल्या. लॅबची फी द्यायला तो नाहीच म्हणाला, ती आम्ही सोडून दिली. इंजिनिअरांशी ठरवलंय की यापुढे प्रत्येक काँक्रीटच्या आदल्या दिवशी ते सळई बघून सही करतील, सही नसेल तर माल कालवायचा नाही, आणि प्रत्येक वेळी क्यूब भरायचे. भरावाला मुरूम, पैसे वेगळे द्यावे लागतायत पण हरकत नाही.

एकच विचारायचं राहिलं, नवीन फुटिंगला कव्हर ब्लॉक किती एमएमचे आणायचे? आणि पाणी किती दिवस मारायचं?

खडी_वाळू_सिमेंट

फुटिंगला ५०, कॉलमला ४०. साइटवरच सिमेंट-वाळूचे करणार असतील तर आधी आठवडाभर पाण्यात पिकवून घ्या, नाहीतर जाळीच्या वजनाने फुटतात. क्युरिंग, म्हणजे पाणी मारणं, साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस सांगितलंय, उन्हाळ्यात १०. पीपीसी वापरत असाल, म्हणजे फ्लाय ॲशवालं, तर १० च्या खाली नकोच, १४ करा. कॉलमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा, नुसता पाइप फिरवून दुपारपर्यंत वाळून जातं. आणि मालात पाणी पोत्यामागे ३० लिटरच्या वर जाऊ देऊ नका, वाळू ओली असेल तर त्याहून कमी, मिक्सरजवळ मापाचा डबा ठेवायला बाबांना सांगा.